गाडी टायर खाते तेव्हां

आमच्या आष्ट्याकडे एखाद्या मोटारीचे टायर वेळेआधीं झिजूं लागले, म्हणजे ‘गाडी टायर खाते’ असें म्हणण्याचा प्रघात आहे. हा वाक्प्रयोग मोठा मार्मिक आहे. खाणारा कोण आणि खाल्ला जाणारा कोण, हा भेद त्यांत आरंभींच स्पष्ट केलेला असतो. गॅरेजांत मिस्त्रीच्या हातीं पाने देणाऱ्या नवख्या पोरालाही तो कळतो. आमच्या घरांत मात्र चार जण पदवीधर असून, तीन वर्षांत पांच टायर पालटीपर्यंत तो कोणास उमगला नाहीं. ह्या कबुलीपासूनच आजच्या लेखास आरंभ करणें बरें. कारण जी चूक आम्ही केली, ती जुनी गाडी जिवापाड जपणाऱ्या पुष्कळ कुटुंबांत होत असावी असा माझा तर्क आहे.

आमची गाडी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. घरांत तिला अद्यापि ‘फियाट’च म्हणतात, आणि तें अगदींच चूक नाहीं. इटलींतील फियाट कंपनीची ‘११००’ ह्या नांवाची ही लहान मोटार वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीनें आपल्याकडे आणली. १९६४ सालीं तिचें ‘डिलाइट’ हें रूप निघालें, आणि १९७४ पासून तीच गाडी ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊं लागली. २००० सालाच्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सीही कायमची गेली. आमच्या तीर्थरूपांनीं ही गाडी घेतली तेव्हां मी नोकरीस नुकताच लागलों होतों. तीर्थरूप गेले, अंगणांतला आंबा गेला, गाडी राहिली. पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नोंदणीचें नूतनीकरण करावें लागतें. तें दादांनीं एकदांही चुकविलें नाहीं.

ही गाडी हौसेची वस्तु आहे असें कोणीं समजूं नये. आमच्या आत्यांचें वय अठ्ठ्याऐशीं. डोळ्यांच्या विकारासाठीं त्यांना दर महिन्यास मिरजेला न्यावें लागतें. हल्लींच्या उंच बैठकीच्या मोटारींत त्यांना चढवत नाहीं आणि अगदीं खालच्या बैठकीच्या मोटारींतून उठवत नाहीं; फियाटच्या मागच्या बांकावर मात्र त्या स्वयंपाकघरांतल्या पाटावर बसाव्या तशा सहज बसतात. आष्टा ते मिरज तीसेक किलोमीटरांचा रस्ता; तुंग, कसबे डिग्रज, सांगलीवाडी, मग १९२९ सालचा आयर्विन पूल उतरून सांगली, आणि पुढें मिरज. हा प्रवास आत्यांच्या उरलेल्या दृष्टीशीं बांधलेला आहे. म्हणूनच टायरांचा हा प्रश्न आमच्या घरीं जेवणाच्या पंगतींत येऊन बसला.

कार्तिकांत पुढच्या चाकांना दोन नवे टायर घातले होते. फाल्गुनांतच गाडी डावीकडे ओढूं लागली. धाकट्या बंधूंनीं ती एका शहरांतल्या दुकानीं नेऊन संगणकावर चाकांची सरळाई जुळवून आणली. जुळविल्याचा छापील कागदही आणला, आणि त्यावरचे सगळे आंकडे हिरव्या रंगांत होते. ज्येष्ठांत दादांच्या लक्षांत आलें कीं डाव्या पुढच्या टायराची बाहेरची कड पार गुळगुळीत झाली आहे. त्यांनीं गुडघे टेकून, मान वांकडी करून, हात आंत घालून पाहिलें, तों आंतली कडही हाताला झिजलेली लागली. मधली नक्षी मात्र शाबूत. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य राहिला, याचा पुस्तकी अर्थ हवा कमी असा होतो. हवा कमी असली म्हणजे टायराचा मध्य वर उचलला जातो आणि भार दोन्ही खांद्यांवर पडतो. दादांनीं तात्काळ चार पौंड हवा अधिक भरण्याचा हुकूम दिला. धाकट्या बंधूंचें मत पडलें कीं खड्ड्यांपुढें हवा काय करणार? पुण्यास इंजिनीअर असलेला माझा पुतण्या फोनवरून म्हणाला, की हल्लीं ह्या मापाचे टायर फारसे कोणी घेत नाहीं, तेव्हां दुकानांत वर्षानुवर्षें पडून वाळलेला माल गळ्यांत मारला असेल. त्याची शंका अस्थानीं नव्हती. टायराच्या बाजूवर एका लंबगोलांत चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘१२१९’ म्हणजे २०१९ सालचा बारावा आठवडा. आम्हीं पाहिलें, टायर ताजा होता. आत्या सगळें ऐकून एवढेंच म्हणाल्या, “अरे, गाडी म्हातारी झाली आहे. माझ्यापायीं तिला किती दिवस राबवणार? विकून टाका.” दादा कांहीं बोलले नाहींत, पण दुसऱ्या दिवशीं भंगारवाला अंगणांत गाडीभोंवतीं फेऱ्या घालतांना दिसला.

श्रावणांतल्या त्या सकाळीं गाडी मी चालवीत होतों. रात्रभर पाऊस झालेला. डिग्रजच्या अलीकडे रस्त्यास एक वळण आहे. वेग फार नव्हता. मीं स्टिअरिंग फिरविलें, आणि गाडी वळलीच नाहीं. चाकें वळलेलीं, गाडी सरळ चाललेली, आणि समोर पाण्यानें तुडुंब भरलेली उंसाची सरी, असे ते दोन-तीन क्षण मला अजून आठवतात. ब्रेक दाबला नाहीं, हें दैवच म्हणावयाचें. पाय उचलला, टायरानें पुन्हां रस्ता धरला, आणि गाडी कडेच्या मातींत अंग टेकून उभी राहिली. मागून आत्यांनीं विचारलें, “पोंचलों का?” त्यांना कांहींच समजलें नव्हतें. मी उतरून वाकून आंत पाहिलें. डाव्या टायराच्या आंतल्या कडेस रबर नव्हतेंच. पांढरट कापडाचे धागे दिसत होते. टायराच्या खांचांतून पाणी बाहेर टाकलें जातें म्हणून तो ओल्या रस्त्यास धरून राहतो. खोली १.६ मिलिमीटरच्या खालीं गेली कीं मोटारीचा टायर कायद्यानेंही बाद ठरतो, आणि खांचांच्या तळाशीं तेवढ्याच उंचीचे आडवे उंचवटे खुणेसाठीं ठेवलेले असतात. आमच्या टायराच्या आंतल्या अंगास त्या खुणाही उरल्या नव्हत्या. बाहेरून उभें राहून पाहणाऱ्यास मात्र मधली सुरेख नक्षी दिसत होती. टायराची आंतली कड घराच्या मागच्या भिंतीसारखी असते. पडझड तिथेंच आधीं होते आणि पाहुणा तिकडे जात नाहीं.

चाक बदलून आम्ही मिरजेस जाऊन आलों. परतल्यावर मीं तो टायर गांवांतल्या एका वृद्ध मिस्त्रींच्या पुढें टाकला. हे गृहस्थ आतां धंदा मुलावर सोंपवून दाराशीं बसतात. त्यांनीं चष्मा कपाळावर सरकविला, तळहात टायरावरून एकदां आंतून बाहेर आणि एकदां बाहेरून आंत फिरविला, मग दोन्ही कडांना अंगठा लावून पाहिला.

“गुरुजी, दोन्ही अंगांनी खाल्लाय खरा,” ते म्हणाले, “पर एका वक्ताला न्हाई. ही बाहेरची कड जुनी झिजल्याली हाय, बगा कशी काळवंडून बारीक तडकलीया. आतली ताजी हाय. मधी कुणी टायर पलटी केलावता का?”

टायर पलटी करणें म्हणजे तो चाकावरून काढून, आंतली बाजू बाहेर व बाहेरची आंत करून पुन्हां बसविणें. ट्यूबवाल्या जुन्या पद्धतीच्या टायरांत तें चालतें, आणि पैसे वांचविण्यासाठीं लोक तें करतात. मी ठामपणें ‘नाहीं’ म्हणालों. घरीं दादाही ‘नाहीं’ म्हणाले. धाकटे बंधु ‘मला आठवत नाहीं’ असें म्हणाले. तेव्हां माजघरांतून वहिनी आपली हिशेबाची वही घेऊन बाहेर आल्या. ह्या वहीविषयीं आमच्या घरांत पुष्कळ थट्टा होते. दुधाच्या पावशेरापासून न्हाव्याच्या पैशापर्यंत तींत सगळें तिथीवार लिहिलेलें असतें. त्यांनीं पानें उलटलीं आणि वैशाखांतली एक ओळ दाखविली: ‘पंक्चर, टायर उलटून घालणावळ, चहा.’ “भाऊजी,” त्या म्हणाल्या, “त्या दिवशीं हे लग्नाला गेले होते. धाकटे भाऊजी गाडी घेऊन गेले, आणि परत आल्यावर मीं त्यांच्याकडून हिशेब मागून घेतला होता.” दुकानदारानें एक कड झिजलेली पाहून भल्या बुद्धीनें टायर उलटवून दिला होता, आणि बंधु ती गोष्ट चहाबरोबर विसरून गेले होते.

एका ओळीनें सगळा उलगडा झाला. टायर एकाच बाजूनें झिजत होता, आंतून. कार्तिकापासून वैशाखापर्यंत त्यानें एक आंतली कड गमावली. उलटविल्यावर ती बाहेर आली, आणि ताजी कड आंत जाऊन खाल्ली जाऊं लागली. आम्हांला ज्येष्ठांत ‘दोन्ही कडा झिजल्या’ असें जें दिसलें, तें एका रोगाचे दोन वेळां उठलेले व्रण होते. दादांचें निदान दिसणाऱ्या लक्षणांवरून अचूक होतें. पण लक्षणेंच कोणी मध्यें हलविलीं होतीं. वाढविलेल्या हवेनें उपयोग तर झाला नाहींच, उलट ओल्या रस्त्यावर टायराचा टेकावयाचा भाग आणखी अरुंद झाला. त्या वहीनें आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तीच मला अधिक महत्त्वाची वाटते. पहिली कड जाण्यास सहा महिने लागले, दुसरी तीन महिन्यांत गेली. नुसती जुळणी चुकली असती तर झीज प्रत्येक महिन्यास साधारण सारखीच झाली असती. ज्या अर्थीं ती दुप्पट वेगानें झाली, त्या अर्थीं आंत कांहीं तरी दिवसेंदिवस ढिलें होत चाललें होतें.

येथें थोडें थांबून टायर कसा वाचावा हें सांगतों. एखाद्या माणसाची चाल त्याच्या वहाणेच्या तळावरून ओळखतां येते. कोणाची टाच बाहेरून झिजते, कोणाचा चवडा. टायराचेंही तसेंच आहे. दोन्ही खांदे झिजले तर हवा कमी, मध्य झिजला तर हवा जास्त, हें वर आलेंच. हवा मात्र गाडी चालविण्यापूर्वीं, टायर थंड असतांना मोजावी, कारण चालून तापल्यावर दाब वाढतो आणि मोजणाराची फसगत होते. एकच खांदा झिजला, आणि तोही एकाच चाकाचा, तर तें चाक उभें न राहतां कलून धांवत आहे असें समजावें. ह्या कलण्याला कारागीर ‘कॅम्बर’ म्हणतात. उलट दोन्ही पुढच्या चाकांवर सारखीच झीज असेल, तर दोन्ही चाकें एकमेकांशीं समांतर नाहींत. पुढच्या टोकांना तीं जवळ आलीं आहेत किंवा फांकलीं आहेत. पहिल्यास ‘टो-इन’ आणि दुसऱ्यास ‘टो-आउट’ हीं नांवें आहेत. ही ओळखण्याची खूण डोळ्यांना दिसत नाहीं, तळव्याला कळते. मिस्त्रींनीं हात दोन्ही दिशांनीं फिरविला तो ह्याचसाठीं. चाक तिरपें ओढलें गेलें म्हणजे नक्षीच्या प्रत्येक पट्टीची एक धार गोल होते आणि दुसरी किसणीसारखी तीक्ष्ण राहते. बाहेरून आंत जातांना हात गुळगुळीत सरकला आणि परत येतांना अडखळला, तर चाकें पुढें जवळ आलीं आहेत. आंतून बाहेर येतांना गुळगुळीत सरकला, तर फांकलीं आहेत. टायराच्या परिघावर वाटीसारखे खळगे ठिकठिकाणीं पडले असतील तर चाक उड्या मारीत चाललें आहे. म्हणजे शॉक-अॅब्सॉर्बर गेला, किंवा चाकाचा तोल बिघडला, किंवा बेअरिंग सैल झालें. आणि एकाच जागीं सपाट चट्टा दिसला तर कोणी तरी करकचून ब्रेक लावून चाक घसटत नेलें आहे. त्याविषयीं घरांतील तरुण मंडळींस विचारावें.

आमच्या उजव्या पुढच्या टायरावर किसणीची धार अगदीं सूक्ष्म होती, बाहेर येतांना गुळगुळीत. म्हणजे चाकें थोडीं फांकलीं होतीं. परंतु डाव्याची आंतली कड एवढ्या थोड्या फांकण्यानें कापडापर्यंत जाणें शक्य नव्हतें. मिस्त्री काठी टेकीत स्वतः आमच्या अंगणांत आले. डावें पुढचें चाक जॅकवर उचललें. त्यांनीं मला चाकाला वर व खालीं धरून आंत-बाहेर हलवावयास सांगितलें. चाक दातासारखें हललें. “आता दादांस्नी ब्रेक दाबायला सांगा.” दादांनीं ब्रेक दाबला; चाक हललेंच. ह्या साध्या परीक्षेंत मोठी युक्ति आहे. ब्रेक दाबल्यानें चाक आणि त्याचा आधार एकमेकांना घट्ट धरतात. मग हलणें थांबलें तर दोष बेअरिंगमध्यें. न थांबलें तर त्याच्या मागें, म्हणजे ज्या उभ्या खुंटीभोंवतीं चाक डावें-उजवें वळतें त्या किंगपिनमध्यें. पुढें चाकाला डावीकडे व उजवीकडे धरून हलविलें. त्यांत फारसें कांहीं निघालें नाहीं, तेव्हां टायरॉडचे सांधे सुटले.

वहिनी पायरीवर उभ्या राहून पाहत होत्या. किंगपिन म्हणजे काय, हें मी त्यांना सांगूं लागलों तों त्याच म्हणाल्या, “जात्याचा मधला खिळा झिजला, कीं वरची तळी डगमगते आणि दळण एका बाजूला जाडें पडतें, तसेंच ना?” अगदीं तसेंच. गाडीचें वजन चाकावर येतें तें किंगपिनच्या आंतल्या बाजूनें, आणि जमीन चाकाला उचलते ती किंगपिनच्या बाहेरून. मधला बुश झिजला कीं ह्या दोन जोरांच्या झगड्यांत चाकाचा माथा आंत कलतो आणि टायर आपल्या आंतल्या कडेवर धांवूं लागतो. गाडी रिकामी, स्थिर आणि सपाट जागीं उभी असतांना तें चाक एका ठिकाणीं बसलेलें असतें. आत्या, दादा, वहिनी आणि डबे घेऊन खड्ड्यांवरून धांवतांना दुसऱ्याच ठिकाणीं. संगणकाचा हिरवा कागद खोटा नव्हता. त्यानें जें मोजलें तें खरें होतें. पण ढिल्या खिळ्यावर तसबीर सरळ लावून दिली, तर दार आपटेपर्यंतच ती सरळ राहते. जुन्या गाडीच्या चाकांची सरळाई जुळविण्यापूर्वीं हवा, मग सांध्यांचा ढिलेपणा, आणि मग जुळणी, हा क्रम कोणी उलटा करूं देऊं नये. दुकानांत गाडी जॅकवर न उचलतां थेट जुळणीच्या यंत्रावर चढविली, तर विनयानें, पण विचारावें.

किंगपिन इतकी कां झिजावी? दर तीन महिन्यांनीं ग्रीस भरल्याच्या नोंदी वहींत होत्या. मिस्त्रींनीं चाकामागें हात घालून पितळी निपल चांचपलें, आणि पहिल्यानेंच हंसले. पांच वर्षांपूर्वीं पुतण्याच्या लग्नासाठीं गाडी रंगविली, तेव्हां गंजापासून रक्षण व्हावें म्हणून तिच्या पोटाला काळा जाड लेप दिला होता. त्या लेपानें डावीकडच्या निपलाचें तोंड बुजलें होतें. पांच वर्षें ग्रीसची बंदूक त्या तोंडाशीं लावली जात होती, ग्रीस बाहेरच्या बाहेर पसरत होतें, आणि नोकर इमानानें ‘ग्रीस भरलें’ म्हणून सांगत होता. गाडीची कांति राखण्याच्या खटाटोपांतच तिचा सांधा उपाशी मेला. उजवें निपल उघडें होतें. ती पिन चाळीस वर्षांची असूनही घट्ट निघाली.

नवी पिन आणि बुश कोल्हापुराहून मिळविले. बुश दाबून बसविल्यावर त्याचें भोंक रीमरनें नेमक्या मापाचें करावें लागतें. तें काम म्हाताऱ्यानें मुलाला करूं दिलें नाहीं. जुळणी मात्र आम्हीं घरींच केली, आणि ती रीत सांगण्याजोगी आहे. चाक जॅकवर फिरवीत, लांकडी ठोकळ्यावर धरलेल्या खडूनें टायराच्या मध्यावरून परिघभर एक बारीक रेघ काढली, तशीच दुसऱ्यावर. गाडी खालीं उतरवून, चार हात पुढें ढकलून, शहाबादी फरशीवर सरळ उभी केली. मग गवंड्याचा ओळंबा प्रत्येक टायराच्या सर्वांत पुढच्या बिंदूवरच्या रेघेपासून सोडला आणि फरशीवर खूण केली. मागच्या बिंदूपासूनही तसेंच केलें. गाडी बाजूला नेल्यावर फरशीवर चार टिंबें राहिलीं. शेजारच्या मुलीनें ही कसली रांगोळी म्हणून विचारलें. पुढच्या दोन टिंबांतलें अंतर मागच्या दोहोंतल्या अंतराहून ४ मिलिमीटर अधिक भरलें. ह्या गाडीस तें थोडें कमी असावयास पाहिजे.

चार मिलिमीटर म्हणजे काय, असें धाकट्या बंधूंनीं उपहासानें विचारलें. मीं पाटीवर गणित मांडलें. प्रत्येक चाकाच्या वांट्यास दोन मिलिमीटर. टायराचा व्यास सुमारें ५९० मिलिमीटर. म्हणजे चाक एक किलोमीटर पुढें जातांना जवळजवळ साडेतीन मीटर आडवें ओढलें जातें. आष्ट्याहून मिरजेस पोंचेपर्यंत शंभर मीटर. परत येतांना आणखी शंभर. कानशीवर लांकूड शंभर मीटर घासल्यावर काय उरेल, हें त्यांना सांगावें लागलें नाहीं. टायरॉडच्या दोन्ही बाजू सारख्याच फिरवून आम्हीं तें अंतर पुस्तिकेंतल्या मापावर आणलें. एकाच बाजूनें फिरविलें तर माप जुळतें, पण स्टिअरिंग वांकडें राहतें. आमचेंही पहिल्या खेपेस राहिलें.

नवे टायर घेतांना पुतण्यानें पुढच्या दोन चाकांपुरते रेडियल टायर घालावे असें सुचविलें. मिशेलिन कंपनीनें १९४६ सालीं पेटंट घेतलेली ही रचना झिजण्याच्या बाबतींत जुन्या आडव्या-तिडव्या धाग्यांच्या टायराहून पुष्कळच सरस आहे. परंतु पुढें रेडियल आणि मागें जुन्या पद्धतीचे, अशी मिसळ करूं नये. वळणावर पुढचीं चाकें रस्ता घट्ट धरतात, मागचीं आधीं सुटतात, आणि गाडीची शेपटी बाहेर फेंकली जाते. एका आंसावर एक ह्या जातीचा व दुसरा त्या जातीचा, हें तर मुळींच नको. घालावयाचे तर चारही. चारांचा खर्च ऐकून दादांनीं जुन्याच जातीचे दोन घेतले. काढलेला टायर अंगणांत पडला होता, तो एका उंसाच्या गाडीवाल्यानें मागितला. आमच्याकडे रबरी धांवेच्या बैलगाडीला ‘डनलॉप’ म्हणतात. बेलफास्टच्या ज्या पशुवैद्यानें १८८८ सालीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं हवेचा टायर केला, त्याचें नांव आमच्या शिवारांत असें पोंचलें आहे. पण कापड दिसूं लागलेला टायर बैलामागेंही बरा नव्हे, म्हणून दिला नाहीं. तो न्हाणीघरामागें अळवाच्या वाफ्याभोंवतीं ठेवला आहे.

भंगारवाला दसऱ्याच्या आधीं पुन्हां येऊन गेला. दादांनीं त्याला चहा दिला आणि परत पाठविलें.

वहिनींच्या वहींत आतां शेवटचीं चार पानें टायरांचीं आहेत. महिन्याच्या पहिल्या रविवारीं पुतण्यानें पाठविलेल्या छोट्या मापकानें प्रत्येक टायराची खोली तीन ठिकाणीं मोजावयाची, आंत, मध्यें व बाहेर. कोणताही टायर हलविला किंवा उलटविला तर त्याची तिथि लिहावयाची. आंत मोजण्याचें काम माझ्याकडे आहे, कारण गुडघे टेकण्याचें माझें वय अजून सरलेलें नाहीं असें त्यांचें म्हणणें. परवांच्या नोंदींत डाव्या पुढच्या टायराखालीं तिन्ही आंकडे सारखे आहेत. उजव्या मागच्याचा मध्य मात्र कडांहून अर्ध्या मिलिमीटरनें कमी भरला. वहिनींनीं तो आंकडा लिहून त्याखालीं रेघ ओढली आणि दादांकडे पाहिलें. दादा अजून कोणास न कळत मागच्या चाकांत दोन पौंड हवा जास्त भरतात.